मुद्रित संहिता आणि दृष्टिहीन वाचक : लिपीच्या अंगाने काही विचार

संहितेचा विचार करताना आपण पाठभेद, आवृत्ती, प्रक्षेप यांची चर्चा करतो. ती संहिता कोणाला वाचता येते, हा प्रश्न मात्र साहित्याभ्यासाबाहेरचा मानला जातो. नागभीडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी अध्यापन करताना तो माझ्यासमोर आला एका दृष्टिहीन पदव्युत्तर विद्यार्थ्यामुळे. त्याला एका संशोधनलेखाची संगणकीय प्रत दिली होती. पडद्यावर मराठी स्वच्छ दिसत होती; मजकूर उच्चारून दाखविणाऱ्या त्याच्या पडदावाचक प्रणालीने मात्र रोमन अक्षरांची निरर्थक मालिका ऐकविली. या विसंगतीचे कारण प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

मराठी अक्षरजुळणी संगणकावर आली तेव्हा पुष्कळशा फाँटमध्ये रोमन अक्षरांसाठी ठरलेल्या संकेतांकांवरच देवनागरी आकार बसविले गेले. अशा प्रतीत साठविले जाते ते अक्षर नव्हे, त्याचे चित्र. ‘कि’ मध्ये पहिली वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर. ‘सूर्य’ मधील रफार तर ‘य’च्याही मागून. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो : आधी ‘क’, मग इकार, आधी ‘र’, मग ‘य’. विशेष म्हणजे ब्रेलने हा निर्णय फार पूर्वीच घेतलेला आहे. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये स्वीकारल्या गेलेल्या भारती ब्रेलमध्ये ‘क’चे ठिपके आणि त्यापुढे ‘इ’चे ठिपके येतात, वेलांटीसाठी बोटाला मागे वळावे लागत नाही. डोळ्यासाठी रचलेली लिपी आणि कानासाठी साठविलेली लिपी यांतील हा भेद आपल्या लिपिविचारात अधिक गांभीर्याने यावयास हवा.

जुन्या ग्रंथांची छायाप्रत केली की अडचण आणखी वाढते, कारण तेथे पानाचे केवळ चित्र उरते. संगणकाकडून त्यातील अक्षरे ओळखवून घेता येतात. तथापि जोडाक्षरांत चुका होतात आणि त्या माणसालाच दुरुस्त कराव्या लागतात. येथे रूपांतरकार नकळत संपादक बनतो. झाडीबोलीतील संवादात ‘पानी’ असेल आणि प्रमाणभाषेच्या सवयीने त्याने ते ‘पाणी’ केले, तर दृष्टिहीन अभ्यासकाच्या हाती वेगळीच संहिता पडते. बोलीचा अभ्यास त्याने कशाच्या आधारे करावा?

कायद्याची अडचण आता फारशी उरलेली नाही. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात अपंग व्यक्तींसाठी सुलभ प्रती तयार करण्याची मुभा आली. दृष्टिहीनांसाठीच्या मराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारतच. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे संगणकीय ग्रंथालयही सुरू झाले. परंतु पदव्युत्तर अभ्यासक्रमातील समीक्षाग्रंथ आणि विभागीय नियतकालिकांचे जुने अंक कोणी बाहेरचे येऊन रूपांतरित करील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. ते काम विभागांचे आहे, आणि मूळ छापील प्रतीशी ताडून पाहण्याची शिस्त आपल्याजवळ असल्यामुळे ते आपल्यालाच नीट करता येईल.

आम्ही एका नाट्यसंहितेची अशी प्रत करून दिली, तेव्हा ती ऐकून त्या विद्यार्थ्याने विचारले, “सर, हे पात्र झाडीपट्टीतलंच ना? मग ते ‘पाणी’ कसं म्हणते?” आम्ही छापील प्रत उघडली. तेथे ‘पानी’ होते.