जमीन आपली, सह्या आपल्या, मग हिशेब कोणाचा?

वडिलांच्या नावची जमीन पडून आहे. एक भाऊ मीरा रोडला, दुसरा आखातात, बहिणी आपापल्या सासरी. अशा घरात एक दिवस फोन येतो. "मोजणी, बिनशेती, लेआऊट, रस्ते, प्लॉटची विक्री, सगळं आमची कंपनी करते. तुम्ही फक्त सह्या करा." दातिवरे, कोरे, एडवण या पट्ट्यात आणि तिकडे बोईसर-तारापूरपर्यंत ज्यांची वडिलोपार्जित जमीन आहे, अशा बऱ्याच घरांच्या कानी हे बोलणे आले असेल. आम्ही मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवणारी माणसे असल्याने अशा करारांचे मसुदे आमच्याकडे वाचायला येतात. जुनी वाटणीची चिठ्ठी उर्दूत, सातबारा मराठीत आणि कंपनीचा करार इंग्रजीत, असा तो गठ्ठा असतो.

आता एवढी घाई का, हेही समजून घ्यावे. 30 ऑगस्ट 2024 रोजी वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. बोईसरला बुलेट ट्रेनचे स्थानक होत आहे. विरारच्या मारंबळपाड्याहून सफाळ्याजवळच्या जलसारला 2025 मध्ये रो-रो बोट सुरू झाली. वैतरणेच्या मुखावरचे, अर्नाळ्याच्या समोरचे दातिवरे एकाएकी मुंबईच्या जवळ आले. भाव वाढला की जमिनीचे वाली वाढतात.

अशी कंपनी नेमण्यात मुळात वाईट काही नाही. सर्वेक्षक, वास्तुविशारद, वकील, तहसील, नगररचना, भूमि अभिलेख, वीज, पाणी अशी ही वीस दारे आहेत. नोकरी सांभाळून ती झिजवणे एका माणसाला जमत नाही, आणि भाऊ आखातात असेल तर मुळीच नाही. प्रश्न असा की कंपनीला आपण काम देतो आहोत की जमिनीचा मालकी हक्क.

एक सोपा हिशेब करू. जमीन दोन एकर, म्हणजे 80 गुंठे. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली. कर्ज आणि वसीयत वगैरे काही बाकी नाही असे धरू. शरीअतच्या हिशेबाने आईचा आठवा हिस्सा 10 गुंठे. उरलेल्या 70 गुंठ्यांचे सात भाग. मुलाला दोन भाग, मुलीला एक. म्हणजे प्रत्येक मुलाला 20 आणि प्रत्येक मुलीला 10 गुंठे. आता कंपनी आली. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या लेआऊटमध्ये 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती गेली 8 गुंठे. रस्त्यांना 16 गुंठे लागले असे धरू. उरले 56. कंपनीने निम्मे मागितले. कुटुंबाकडे राहिले 28 गुंठे. त्यात आईचे साडेतीन, प्रत्येक मुलाचे सात आणि प्रत्येक मुलीचे साडेतीन.

दहा गुंठ्यांचे साडेतीन झाले म्हणून व्यवहार तोट्याचा, असे आम्ही म्हणत नाही. रस्ता, गटार, वीज आलेल्या साडेतीन गुंठ्यांना दहा गुंठे शेतजमिनीपेक्षा जास्त किंमत येऊ शकते. शिवाय शेतजमीन म्हणून राहिलेल्या जमिनीला तुकडेबंदी कायदा लागतो. ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेने प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे ठरवले. त्या मुलीच्या दहा गुंठ्यांना जिरायती तुकडा म्हणून स्वतंत्र विक्रीची वाट अवघडच. तेव्हा लेआऊटमध्ये तिचाही फायदा आहे. मात्र हा हिशेब तिच्यासमोर, कागदावर मांडला गेला पाहिजे. मसुद्यांमध्ये आम्हाला बहुतेक वेळा फक्त दोन भावांची नावे दिसतात, आणि शेवटी एक जोडपत्र असते: बहिणींचे हक्कसोडपत्र. कंपनीला कमी सह्या हव्या असतात, हे तिच्या सोयीचे आहे. बहिणीचा हिस्सा ही भावाने द्यायची भेट नाही, तो तिचा फर्ज झालेला हक्क आहे. आधी वारसनोंद करावी, फेरफारात सगळ्यांची नावे चढवावीत आणि मगच कंपनीच्या माणसाला घरात चहा द्यावा.

दुसरा कागद कुलमुखत्यारपत्राचा. कंपनी जमीन सरळ विकत का घेत नाही, असे अनेकजण विचारतात. एक कारण कायद्यातच आहे. कूळ कायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही. म्हणून विकसन करार आणि त्यासोबत मुखत्यारपत्र. ते "अपरिवर्तनीय" असे लिहिलेले असते, आणि मुखत्याराचा त्या जमिनीत स्वतःचा हितसंबंध निर्माण झाला असेल तर करार अधिनियमाच्या कलम 202 मुळे ते मनात येईल तेव्हा रद्दही करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सांगितले की मुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही. हे खरे, पण मुखत्यारपत्राच्या आधारे मुखत्याराने करून दिलेले खरेदीखत आपल्याला बांधून टाकू शकते. आमचे मत स्पष्ट आहे. मोजणी, परवानग्या आणि अर्ज यांपुरते मर्यादित मुखत्यारपत्र द्यावे. प्लॉटच्या खरेदीखतावर सही सगळ्या वारसांचीच हवी. आखातातल्या भावाने वकिलातीत जाऊन त्याच्या विश्वासातल्या घरच्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करावे, कंपनीच्या नावे नव्हे.

तिसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. जमीन 500 चौरस मीटरहून मोठी असेल आणि प्लॉट पाडून विकायचे असतील तर महारेराची नोंदणी लागते. ग्राहकांकडून आलेल्या पैशातला 70 टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो आणि नोंदणीकृत करारापूर्वी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. महारेराने 2017 मध्येच स्पष्ट केले की प्रकल्पाच्या क्षेत्रात किंवा उत्पन्नात वाटा घेणारा जमीनमालकही प्रवर्तक धरला जाईल. म्हणजे कंपनीने रस्ता केला नाही तर प्लॉट घेणारा शिक्षक किंवा रिक्षावाला आपल्याही दारात उभा राहू शकतो. "तुम्ही फक्त सह्या करा" याचा हा अर्थ आहे. कंपनीला वाट्याऐवजी ठरलेली फी, तीही टप्प्याटप्प्याने दिली तर हिशेब सोपा राहतो. मोजणी झाली की एक हप्ता, लेआऊट मंजूर झाला की दुसरा. अर्थात पहिला खर्च मग आपल्याला उभा करावा लागतो. म्हणूनच लोक वाट्याकडे वळतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

ज्यांना वाटते की मालकांच्या हातून हे होणारच नाही, त्यांनी पुण्याच्या हडपसरला जाऊन मगरपट्टा पाहावा. शहर अंगावर येत होते, तेव्हा सतीश मगर यांच्या पुढाकाराने तिथल्या सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी आपली 400 एकरांच्या आसपासची जमीन एकत्र केली. बाहेरच्या कंपनीला विकण्याऐवजी त्यांनी स्वतःचीच कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन, तितका त्याचा वाटा ठेवला. वास्तुविशारद हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांना त्यांनीच नेमले. घरातल्या मुलांनी पुढे तिथलीच कंत्राटे घेतली. दातिवऱ्याचे दोन एकर म्हणजे मगरपट्टा नव्हे, हे आम्हालाही कळते. पण लागून असलेले तीन-चार गट, त्यात आगरी शेजाऱ्याचा एक आणि आपल्या चुलत्यांचा एक, एकत्र आले तर रस्त्याला जागा कमी जाते आणि कंपनीशी बोलताना वजन वाढते.

आपल्या भागाची म्हणून काही बंधने आहेत. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वैतरणेची खाडी. सीआरझेडच्या मंजूर नकाशावर आपला गट कुठे येतो हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही टोकन घेऊ किंवा देऊ नये. खाजणाच्या बाजूला तिवरे असतील तर त्यांच्याभोवतीची 50 मीटरची पट्टीही मोजावी. (गावाच्या नावातच तिवर ऐकू येते. त्याचा अर्थ जाणकारांनी सांगावा.) सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 असेल, कुळाने मिळालेली जमीन असेल किंवा फेरफारात मागे कुठे आदिवासी खातेदाराचे नाव असेल तर आधी परवानगी, मग बाकीचे. आदिवासीची जमीन शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. ती गिळून कोणाला बरकत येईल असे आम्हाला वाटत नाही.

कंपनीचा माणूस येईल तेव्हा त्याच्याकडे त्यांच्या आधीच्या प्रकल्पाचा महारेरा क्रमांक मागावा आणि तो महारेराच्या संकेतस्थळावर नववीतल्या मुलीकडून तपासून घ्यावा. जमल्यास त्या लेआऊटवर पावसाळ्यात जाऊन यावे. रस्ता, गटार आणि पाणी यांचे खरे रूप जुलैमध्येच दिसते. आणि मोजणीच्या दिवशी शेजारच्या खातेदारांसोबत घरातल्या बहिणींनाही बांधावर बोलवावे. नोटीस त्यांच्याही नावाने निघाली पाहिजे.