सातपुड्यांतील बुध्ये आणि डाकीण

मानवेतर योनि म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें पुराणांतील यक्ष-गंधर्व उभे राहतात. हल्लीं शहरांतलीं मुलें कल्पित जगाचे खेळ खेळतात. त्यांत प्रत्येक जण एखाद्या अद्भुत योनीचें सोंग स्वतः पत्करतो. नंदुरबार जिल्ह्यांत, अक्कलकुवा तालुक्यांतील काठी या गांवीं होळीला असेंच सोंग पाहावयास मिळतें. मात्र तो खेळ नव्हे, तें व्रत आहे.

काठीच्या होळीला राजवाडी होळी म्हणतात. आपल्याकडे होळी तिन्हीसांजेला पेटते. येथें रात्रभर ढोल वाजतात आणि उंच बांबू उभारून केलेली होळी पहांटे पेटवितात. या गर्दींत नाचणारे बुध्ये कोणाच्याही नजरेंत भरतात. उघड्या अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कंबरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरें. कोणी बावा होतो, कोणी पुरुष स्त्रीवेष घेतो. ज्यानें नवस केला असेल त्यानें हें रूप घ्यावयाचें. आणि घेतलें म्हणजे नेमही पाळावयाचे: पायांत वहाण घालावयाची नाहीं, खाटेवर बसावयाचें नाहीं, भुईवर निजावयाचें, ब्रह्मचर्य राखावयाचें. छायाचित्रांत बुध्या मोठा देखणा दिसतो; त्याच्या अनवाणी पायांकडे मात्र आपलें सहसा लक्ष जात नाहीं. व्रत पुरें झालें कीं टोप उतरतो, ठिपके धुतले जातात आणि बुध्या पुन्हां आपल्या शेताकडे वळतो.

याच डोंगरांत आणखी एक मानवेतर योनि मानण्यांत येते, ती डाकिणीची. डाकीण नुसत्या नजरेनें माणसाचें काळीज खाते, असा समज आहे. हें रूप मात्र कोणी आपण होऊन घेत नाहीं. मूल तापानें दगावतें, बैल पडतो. मग घरचीं माणसें बडव्याकडे जातात आणि तो एका जिवंत बाईकडे बोट दाखवितो. ती पुष्कळदां विधवा असते, किंवा तिच्या वाटणीच्या जमिनीवर कोणाचा तरी डोळा असतो. पुढें मारहाण होते, गांवाबाहेर घालवितात, प्रसंगीं जीवही घेतात. बुध्याच्या व्रताला शेवटचा दिवस असतो. या बाईला तसा दिवस नसतो. ठिपके धुवावे, तर ते तिच्या अंगावर नसतातच.

हा दोष एकट्या सातपुड्याचा समजूं नये. युरोपांत पंधराव्या ते अठराव्या शतकांत सुमारें ४० ते ५० हजार माणसें चेटकाच्या आरोपावरून मारलीं गेलीं, आणि त्या न्यायासनांवर शिकलेले लोक बसले होते. मेवाडच्या दरबारानें १८५३ सालीं डाकण प्रथेला बंदी केली. महाराष्ट्रांत डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ सालीं, जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला. एखाद्यावर करणीचा वा भुताळीपणाचा आरोप करून त्याला छळणें हा त्या कायद्यानें गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद, शिवाय दंड.

पण कायदा फिर्याद झाल्यावर चालूं लागतो, आणि डाकीण हा शब्द प्रथम उच्चारला जातो तो तापलेल्या मुलाच्या उशाशीं. अक्राणीच्या डोंगरांतल्या एखाद्या पाड्यावरून दवाखान्यापर्यंत जावयास घाट उतरावा लागतो. बडवा पाड्यावरच असतो. आणि फिर्याद देणाऱ्या बाईला परत राहावयाचें असतें तें त्याच पाड्यावर, त्याच शेजाऱ्यांच्या अंगणासमोर.