कोणता मारुती? जिलब्या, डुल्या की उंटाड्या?

पुण्यात नुसतं ‘मारुतीच्या देवळापाशी भेटू’ म्हणून भागत नाही. समोरच्याचा प्रश्न ठरलेला: कोणत्या?

तुळशीबागेजवळचा जिलब्या मारुती घ्या. शेजारचा हलवाई त्याच्या गळ्यात जिलब्यांची माळ घालायचा म्हणे, ते नाव चिकटलं ते कायमचं! शनिवारवाड्यासमोरच्या बटाट्या मारुतीभोवती भाजीबाजार भरायचा. १८८६ मध्ये मंडईची इमारत झाली, बाजार तिकडे गेला, देव मात्र नावासकट जागच्या जागी. रास्ता पेठेतल्या उंटाड्या मारुतीपाशी पेशवाईत उंट बांधत, असं सांगतात. आणि भिकारदास मारुतीच्या नावावर जाऊ नका. भिकारदास होते चांगले सधन सराफ! बाग त्यांची, म्हणून मारुतीही त्यांचा.

माझा सगळ्यात लाडका गणेश पेठेतला डुल्या मारुती. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठे पडत होते, तेव्हा इकडे हा डुलला, अशी आख्यायिका. रणातली खबर पुण्याला यायला किती दिवस लागले असतील! घरोघरची माणसं तिकडे गेलेली. आपल्याआधी मारुतीला कळलं आणि त्याला ते सोसवलं नाही, असं पुणेकरांना वाटलं. इतका तो घरचा.

आता मूर्तीकडे नीट बघा. हात जोडलेले असतील तर दासमारुती. शेपूट डोक्यावर, हात उगारलेला, पायाखाली राक्षस, तर वीरमारुती. समर्थ रामदासांनी साताऱ्याजवळ चाफळला दोन्ही स्थापले: राममंदिरासमोर दास, मागे वीर. ज्याच्या अंगात डोंगर उचलायचं बळ, तोच रामापुढे हात जोडून उभा. तालमीतला पैलवान मारुतीपुढे वाकल्याशिवाय लाल मातीत उतरत नाही, तोही याच दोन्ही रूपांना मानतो.

शेंदराची कथा तर लहान मुलांना हमखास आवडते. सीतामाईच्या भांगातला शेंदूर रामाच्या आयुष्यासाठी, हे कळताच गड्याने अख्खं अंगच माखून घेतलं! शनिवारी तेल आणि रुईच्या पानांची माळही त्याचीच.

चैत्र पौर्णिमेला त्याचा जन्म सूर्योदयाला होतो. जन्माचं कीर्तन ऐकायचं आणि सुंठवडा हवा, तर पहाटेच पेठेत हजर व्हा.