फ्रिज लावला की जनरेटर का कण्हतो?

२००८ साली आइक वादळात आमच्या ह्यूस्टनला लाइट गेले तेव्हा जनरेटर आणला. फ्रिज लावला की तो कण्हायचा! वीज ओढली की कॉइलमधला प्रवाह फिरण्यालाच विरोध करतो (लेन्झचा १८३४ चा नियम), मग इंजिन जोर लावतं, पेट्रोल जास्त जळतं. धूर आलाच, म्हणून यंत्र बाहेर, घरापासून २० फूट लांब ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

फॅरेडेनं १८३१ मध्ये लंडनला चुंबकाच्या टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवून वीज काढली. पण मला थोर वाटते ती १८६६-६७ मधली सीमेन्स वगैरेंची युक्ती: यंत्राच्याच विजेवर त्याचा चुंबक चालवायचा! इंजिनच हवं असंही नाही. खोपोलीला १९१५ पासून घाटावरचं पाणीच जनरेटर फिरवतं.