संथ चेंडू आणि उतावळी बॅट

सॉफ्टबॉलचा हळू फेकीचा प्रकार बघणाऱ्याला अगदी सोपा वाटतो. चेंडू खांद्याखालून फेकलेला, उंच कमान करून सावकाश येणारा. असा चेंडू मारायला काय लागते? बॅट घेऊन उभे राहा म्हणजे कळेल! वेगाचा चेंडू हुकला तर कुणी हसत नाही. हा हुकला की सारे मैदान हसते, आणि एखादे लाजाळू पोर दुसऱ्या दिवशी खेळायलाच येत नाही. म्हणून गुरुजनांनी यातली मेख आधी जाणून घ्यावी.

हा खेळ मूळचा अमेरिकेतला. शिकागो शहरात १८८७ साली एका बोट-क्लबात गुंडाळलेला मुष्टियुद्धाचा हातमोजा आणि झाडूचा दांडा एवढ्या सामग्रीवर तो सुरू झाला. आपल्याकडे शाळांच्या स्पर्धांत सॉफ्टबॉल आहे, पण तो वेगवान फेकीचा. तरीही नवख्याचा हात बसवायला हळू फेकच बरी, असे माझे मत आहे.

आता थोडा हिशेब करू. फेकणारा असतो ५० फुटांवर. चेंडूने जमिनीपासून निदान ६ फूट उंची गाठलीच पाहिजे असा नियम आहे. समजा तो १० फूट चढला. मग फलंदाजापर्यंत यायला त्याला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. क्रिकेटमधल्या जलद गोलंदाजाचा चेंडू अर्ध्या सेकंदात येतो. म्हणजे इथे वेळ अडीचपट. आणि घोटाळा होतो तो नेमका या जादा वेळामुळेच. चेंडू सुटला की पोराचे अंग पुढे धावते, सारा भार पुढच्या पायावर पडतो, कंबर वळून मोकळी होते. चेंडू पोहोचतो तेव्हा जोर उरतो नुसता मनगटात. मग तो मेल्यासारखा पायाशीच पडतो.

विटीदांडू खेळलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. उडालेली विटी टप्प्यात येईपर्यंत दांडा आवरावा लागतो, तसेच इथे.

उजव्या हाताने खेळणाऱ्याने डावा खांदा फेकणाऱ्याकडे करून, गुडघे किंचित वाकवून उभे राहावे. बॅट तळहातात आवळू नये, बोटांत धरावी. हात मागच्या खांद्याच्या उंचीवर. क्रिकेटची सवय असलेली मुले बॅट खाली टेकवतात, ती सवय आधी मोडावी. भार मागच्या पायावर राहू द्या. चेंडू कमानीच्या टोकावरून उतरू लागला की पुढचे पाऊल जरासे टाकावे, आधी कंबर वळवावी आणि तिच्या मागोमाग हात यावेत. नजर चेंडूवरच.

चेंडू खाली येतो तो ३० अंशांच्या आसपास उतरत. वरून कुऱ्हाडीसारखा घाव घातला तर तो जमिनीत आपटतो. फार खालून उचलला तर आभाळात जातो आणि आयता झेल मिळतो. बॅट आडवी, शेवटी किंचित वर चढत यावी, म्हणजे चेंडूची वाट आणि बॅटची वाट जवळजवळ एका रेषेत येतात आणि चूक थोडी असली तरी खपून जाते.

सरावाला पैसा लागत नाही. पहिल्या दिवशी बॅट देऊच नका. गुरुजींनी चेंडू फेकावा आणि तो उतरू लागताच मुलांनी “आता!” म्हणून ओरडावे, एवढेच. ही गंमत मुलांना आवडते, आणि थांबणे अंगी मुरते. पुढे कमरेइतका बांबू रोवून, टोकावर रबरी नळीचा तुकडा बसवून त्यावर चेंडू ठेवावा व मारायला लावावे. चिंध्यांचा चेंडूही चालेल.

एक गोष्ट मात्र सक्तीने पाळा. मारल्यावर धावायच्या घाईत मुले बॅट भिरकावतात, आणि ती मागच्या पोराच्या तोंडावर बसते. बॅट जिथल्या तिथे खाली सोडून पळायचे, आणि बाकीच्यांनी २० पावले दूर, आखलेल्या रेघेच्या पलीकडे बसायचे.