हापूसचा सातबारा आणि बागेची राखण

मे महिन्यात हॉस्टेल रिकामं व्हायला लागलं की बऱ्याच जणांच्या सामानात आंब्याची एक पेटी असतेच. घाटावरच्या नातेवाइकांना "रत्नागिरीचा हापूस आहे" एवढं सांगितलं की पुढे काही बोलावं लागत नाही. या एका नावाला बाजारात किंमत आहे, आणि जिथे किंमत आली तिथे डुप्लिकेट आलाच! परराज्यातला आंबा कोकणचा हापूस म्हणून विकला जातो, ही बागायतदारांची तक्रार दर सीझनला ऐकू येते. मग नावाची ही चोरी रोखणारं सरकारी ऑफिस नाही का? आहे. पण ते काय करतं आणि काय करत नाही, हे आपल्याला ठाऊक हवं.

पेटंट, डिझाइन, ट्रेडमार्क आणि भौगोलिक मानांकन (म्हणजे आपला 'जीआय') हा सगळा कारभार एकाच कंट्रोलर जनरलच्या हाताखाली चालतो. पेटंटची ऑफिसेस चार: मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि कोलकाता. जीआयचं रजिस्टर मात्र सगळ्या देशासाठी एकच, तेही चेन्नईला. त्याचा कायदा १९९९ चा, पण लागू झाला १५ सप्टेंबर २००३ पासून. पहिला नंबर लागला दार्जिलिंगच्या चहाचा.

जीआयसाठी कोणी एकटा बागायतदार अर्ज करू शकत नाही. उत्पादकांची संस्था किंवा कायद्याने स्थापन झालेली संस्था लागते. माल कुठे होतो याचा नकाशा द्यायचा. त्याचा गुण त्या माती-हवामानामुळे कसा येतो, त्याचा इतिहास काय, हे सगळं लिहून द्यायचं. म्हणजे आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टसारखंच, फक्त इथे मागच्या बॅचचा रिपोर्ट कॉपी करून भागत नाही. तज्ज्ञ अर्ज तपासतात. मग तो जर्नलमध्ये छापतात. त्यानंतर तीन महिन्यांत कोणीही हरकत घेऊ शकतो (मागितल्यास आणखी एक महिना मिळतो). हापूसच्या बाबतीत या सगळ्यात बरीच वर्षं गेली. शेवटी ऑक्टोबर २०१८ मध्ये नोंद झाली, ती रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. अर्जदारांत दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि आंबा उत्पादकांच्या संस्था होत्या.

इथे एक मेख आहे. संस्थेचं नाव रजिस्टरला लागलं म्हणजे प्रत्येक बागायतदाराचं काम झालं असं नाही. रजिस्टरचे दोन भाग असतात. पहिल्या भागात मानांकन आणि त्याची मालक संस्था, दुसऱ्या भागात 'अधिकृत वापरकर्ते'. ते नाव वापरण्याचा खास हक्क या दुसऱ्या भागातल्यांना मिळतो. म्हणून प्रत्येकाने आपली नोंद वेगळी करायची. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुन्हा पुन्हा वाढवता येते. मात्र पेटंट विकता येतं तसा हा हक्क कोणालाही विकता येत नाही. तो त्या मातीचा.

आता पकडायचं कोणी? चेन्नईचा साहेब वाशीच्या मार्केटात येऊन पेट्या उघडत नाही. हक्कदाराने स्वतः दावा लावायचा, तोही जिल्हा न्यायालयात किंवा त्याच्या वर. कोर्ट मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई देऊ शकतं. खोटं मानांकन लावून माल विकणं हा फौजदारी गुन्हाही आहे. त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. पोलिसांना वॉरंटशिवाय झडती घेता येते, पण अधिकारी उपअधीक्षक दर्जाचा किंवा वरचा हवा, आणि आधी रजिस्ट्रारचं मत घ्यायलाच हवं. आंबा किती दिवस टिकतो ते आपल्याला माहीत आहे. तक्रार, मत, झडती हे होईपर्यंत पेटीतल्या फळांचा आमरस झालेला असायचा!

थोडक्यात, हे ऑफिस म्हणजे तलाठी. तो सातबाऱ्यावर नाव लावतो, बागेची राखण आपली आपण करायची. पण सातबाराच नसेल तर भांडायचं कशाच्या जोरावर?

हे आपल्यालाही लागू आहे. पेटंटमध्ये तर कॉपी करणाऱ्याला जेलसुद्धा नाही, फक्त दिवाणी दावा. आणि अर्ज करण्याआधीच प्रोजेक्ट सगळ्यांसमोर मांडला तर त्यातलं 'नवेपण' गेलं, असं धरलं जाऊ शकतं. म्हणून फायनल इयरवाल्यांनो, काही खरोखर नवीन केलं असेल तर एक्झिबिशनच्या आधी गाइड सरांशी बोला आणि प्रोव्हिजनल अर्ज टाका. पूर्ण अर्जासाठी पुढे बारा महिने मिळतात. ट्रॉफी काय, नंतरही मिळेल. आधी सातबारा!