पाहणाऱ्याची जबाबदारी : ज्यू धर्मशास्त्र आणि रिद्धपूरचा आचारधर्म

ज्यू धर्मात मर्यादशील आचरणाला ‘त्स्नियुत’ म्हणतात. आज या संज्ञेचा वापर बहुधा स्त्रीचे झाकलेले केस आणि बाहीची लांबी यांपुरताच होत असला, तरी वासनेची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला ज्यू धर्मशास्त्राने दिलेले उत्तर एकपदरी नाही.

बायबलमधील ‘गणना’ या ग्रंथाच्या 15 व्या अध्यायात वस्त्राच्या टोकांना गोंडे लावण्याची आज्ञा असून, ते पाहून माणसाने आपल्या मनाच्या आणि डोळ्यांच्या मागे भरकटू नये, असा तिचा हेतू सांगितला आहे. तालमूद, म्हणजे मौखिक परंपरेने आलेले धर्मनियम व त्यांवरील पंडितांची चर्चा यांची संहिता, याच विचाराला व्यवहारात उतरवते. तिच्या ‘बाबा बत्रा’ या प्रकरणात नदीकाठी धुणे धुणाऱ्या स्त्रियांजवळून जाणाऱ्या पुरुषाचा विचार आला आहे. दुसरी वाट असतानाही तो तिथूनच गेला, तर तो दुष्ट ठरतो; दुसरी वाट नसेल तर त्याचा नाइलाज मान्य होतो, पण तेव्हाही त्याने प्रयत्नपूर्वक नजर आवरावी, अशी अपेक्षा आहे. काम करताना स्त्रियांचे वस्त्र वर खोचलेले असणार हे गृहीत धरूनही येथे त्यांना घाट सोडायला सांगितलेले नाही, आणि या उताऱ्याचे खरे मोल त्यातच आहे.

तथापि याच संहितेच्या ‘केतुबोत’ प्रकरणात डोके न झाकता बाहेर पडणाऱ्या पत्नीला विवाहकरारातील रक्कम न देता सोडण्याची मुभा पतीला मिळते, म्हणजे भार सरळ स्त्रीवर येतो. जेरुसलेमच्या मंदिरातील उत्सवात थिल्लरपणा होऊ नये म्हणून स्त्रियांची जागा बदलत बदलत शेवटी वरच्या सज्जात नेली गेल्याचे ‘सुक्का’ प्रकरण सांगते. मनावर ताबा स्त्री-पुरुष दोघांनी ठेवायचा असताना वर मात्र स्त्रियांनाच जावे लागले, हे नोंदवणे आवश्यक आहे. पुढे सिनेगॉगांतही असे सज्जे आले आणि कोकणातून मुंबईत पसरलेल्या मराठीभाषक बेने इस्रायल समाजाच्या प्रार्थनास्थळांतही ते दिसतात, जरी या समाजातील स्त्रियांचा पेहराव शेजारच्या मराठी स्त्रियांप्रमाणे लुगड्याचाच राहिला.

वऱ्हाडात हाच प्रश्न तेराव्या शतकात महानुभाव पंथापुढे उभा राहिला होता. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांची वचने त्यांच्या परंपरेतील केसोबासांनी ‘सूत्रपाठा’त संकलित केली असून, इतर मादक द्रव्ये सेवन केल्यावर माजवतात, स्त्री मात्र केवळ दर्शनाने माजवते, अशा आशयाचे एक सूत्र त्यांत आहे, आणि भिक्षूने चित्रातली स्त्रीसुद्धा पाहू नये, इतका कडक नियम आहे. स्त्रीला द्रव्यांच्या पंक्तीत बसवणारी ही भाषा खटकण्याजोगीच आहे आणि तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु नियम पाळायचा आहे तो पाहणाऱ्याने, आणि स्त्रीला या मार्गातून दूर ठेवण्यासाठी तो वापरला गेला नाही. बाइसा, आउसा, महदाइसा या स्त्रिया चक्रधरांच्या शिष्यपरिवारात होत्या. महदाइसेने तर आज अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात असलेल्या रिद्धपुरात चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सहवासात धवळे, म्हणजे विवाहगीते, रचले आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून मान मिळवला.

पाहणाऱ्यावर जबाबदारी टाकण्यात काही साम्य दिसत असले, तरी मासिक पाळीच्या बाबतीत दोन्ही परंपरा अगदी वेगळ्या वाटांनी जातात. ज्यू धर्मशास्त्रातील ‘निद्दा’ नियम त्या काळात पतिपत्नीच्या संगाला बंदी करतात, आणि ती बंदी पतीवरही तितकीच लागू असते. त्यानंतर विधिपूर्वक स्नानासाठी बांधलेल्या ‘मिकवे’ नावाच्या कुंडात स्त्रीने बुडी घ्यायची असते. चक्रधरांनी मात्र शरीराच्या इतर द्वारांतून होणाऱ्या स्रावांसारखाच हाही एक स्राव मानून विटाळाची कल्पनाच नाकारली.